घागरीतले मीठ

शके १८०८, फाल्गुन वद्य १३

पुण्याहून त्र्यंबकरावांचे पत्र आले. साप्ताहिक चालवणाऱ्या गृहस्थांना डेक्कनच्या पठारावरून सगळे पाणी समुद्रच दिसते. लिहितात, ‘हरिहरशास्त्री, आपण ठाण्यास समुद्रकाठी राहता. उन्हाळ्यात हवा खाण्यास निघणाऱ्या आमच्या वाचकांसाठी त्या टुमदार गावाचे व आसमंताचे सांगोपांग वर्णन पाठवावे. रूक्ष नको, रसाळ हवे.’

ठाण्यास समुद्र नाही, खाडी आहे. ती दिवसातून दोनदा येते आणि दोनदा चिखल दाखवून परत जाते. टुमदारपणा म्हणाल तर किल्ल्यात तुरुंग, तळ्याकाठी देऊळ आणि मधल्या जागेत आम्ही वकील, कारकून आणि मास्तर. मी यांतला तिसरा. शाळेत मुलांना रामाची विभक्ती शिकवतो आणि मुले मला सहनशीलता शिकवतात. हवा मात्र खरोखर पोटभर आहे. सुकी मासळी तिच्यातच मिळते, वेगळी आणावी लागत नाही.

पत्राच्या शेवटी त्र्यंबकराव दिलासा देतात, ‘आपल्या पत्रास वाचक थोडे म्हणून खंत नसावी. देशी पत्रे वाचून त्यांचा इंग्रजीत गोषवारा करणारे एक गृहस्थ सरकारात आहेत. ते आपले पत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचतात.’ म्हणजे एक वाचक तरी पक्का. त्याच्यासाठीच लिहावे.

फाल्गुन वद्य ३०

रसाळ वर्णनाच्या शोधात बाळकुमास गेलो आणि एका माणसाचा कान तुटताना पाहिला.

बाळकुम आणि माजिवडे या दोन गावांच्या मिठागरांना खाडीचे पाणी एकाच फाट्यातून येते. फाट्यावर लाकडी फळ्यांचे दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. उधाणाच्या भरतीला जो गाव ती आपल्या बाजूला आधी उघडील त्याचे वाफे भरतात. दुसऱ्याने पुढच्या उधाणापर्यंत कोरड्या मातीकडे पाहत बसावे. आज अमावास्या, म्हणजे उधाण. मी पोचलो तेव्हा दोन्हीकडचे पंधरा-वीस पुरुष कंबरभर पाण्यात होते आणि फावडी चिखल सोडून बाकी सगळ्यावर चालत होती. मी वही काढली. कोणीतरी ओरडले, “बाजूला व्हा, भटजी! इथं लगीन नाय लागत!”

बाजूला झालो आणि पाहत राहिलो, हे कबूल करतो. एकाचे डोके फुटले. त्याने ओंजळभर खारे पाणी जखमेवर मारले, बोंब ठोकली आणि पुन्हा आत शिरला. दुसऱ्याच्या बरगडीवर दांडा बसला, त्याचा आवाज अजून कानात आहे. एक रुंद पाठीचा मनुष्य उघाडीच्या फळीला मिठी मारून बसला होता. सहा जणांनी ओढला, पाठीवर दांडे घातले, तरी सुटेना. शेवटी माजिवड्याच्या एकाने वाकून त्याच्या डाव्या कानाची पाळी दातांनी तोडली आणि पाण्यात थुंकली. तरी सुटेना. तेवढ्यात भरती चढली, पाणी बाळकुमच्या वाफ्यांत शिरले आणि दोन्ही गाव, शाळा सुटावी तसे, आपापल्या बाजूला चालू लागले.

तो मनुष्य बांधावर येऊन बसला. मी उपरणे फाडून त्याचा कान बांधला. तो म्हणाला, “मना वाटलं बामन पलंल.”

“पळणारच होतो,” मी म्हणालो, “जोडा चिखलात रुतला.”

तो हसला, हसल्यामुळे कान दुखला, म्हणून मला एक शिवी दिली. नाव नाथा.

घरी आमच्या मंडळींनी, म्हणजे कुटुंबाने, दारातच अडवले. “अर्धं उपरणं कुठं ठेवणं झालं?” मी म्हणालो, एका कानाला दिले. विहिरीवर दोनदा स्नान केल्यावर जेवण मिळाले.

शके १८०९, चैत्र शुद्ध ६

नाथाने आज सगळे आगर दाखवले. वाफ्यातले पाणी उन्हाने आटते, तळाशी मीठ धरते, मग ते लाकडी फळीने ओढून काठावर राशी घालतात. एवढे सांगायला दोन वाक्ये पुरतात. त्याच्या तळव्यांच्या भेगा सांगायला पुरणार नाहीत. मीठ त्या भेगांत आतपर्यंत गेलेले असते. तो म्हणतो, माणूस मेल्यावर जाळला तरी त्याची पावले उशिरा जळतात.

त्याची बायको आवडाबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, “या भटाला कशाला दावतस सगलं? त्याचे डोले बघ. टिपतान.”

“कान यानीच बांधला,” नाथा म्हणाला.

“कान बांधला, तोंड कोन बांधल?”

बाई हजरजबाबी आहे. वहीत टिपून घेतले.

दुपारी नाथा मला गावदेवीच्या पाराशी घेऊन गेला. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने पिंपळापासून उगवतीला तीन पावले टाकली, एका फुटक्या जात्याची तळी सरकवली आणि खालची माती हाताने बाजूला केली. मातीत गळ्यापर्यंत पुरलेली घागर, आत मीठ.

हंगामाचे पहिले मीठ ओढले की प्रत्येक घराने एकेक ओंजळ या घागरीत टाकायची. मूल जन्मले, लग्न ठरले, माणूस गेले, की चिमूटभर यातले. आणि गावात कोणावर आळ आला तर त्याने यातली मूठ घेऊन देवीसमोर उभे राहायचे आणि बोलायचे. तो जे बोलेल ते खरे. पंच नाहीत, साक्षी नाहीत.

“आणि खोटे बोलला तर?”

“मूठ धरून खोटं बोलवत नाय,” नाथा म्हणाला. हे त्याने, पाणी खाली वाहते, अशा सुरात सांगितले.

सरकारच्या मीठचौकीवर नोंद न झालेले मीठ बाळगणे हा गुन्हा. म्हणून गावाबाहेर कोणाला ठाऊक नाही. “माजे सासऱ्याला पन नाय. तो कलव्याचा.” मग त्याने मूठभर मीठ फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. “तुमी आता आमच्यातले. पन कोनला बोलू नका, शास्त्रीबाबा.”

“अरे, मी कोणाशी बोलणार?” मी म्हणालो.

पुरचुंडी दौतीशेजारी ठेवली आहे.

चैत्र शुद्ध १०

वर्णन पुरे झाले. स्वतःचे लिखाण स्वतःला आवडणे हा दोष आहे. मी तो आज संध्याकाळभर केला. शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो:

‘क्षीरसागर व दधिसागर यांचा ठाव पुराणांवाचून कोणास नाही, परंतु लवणसागर ठाण्याच्या टेंभीपासून घटकाभराच्या चालीवर आहे. बाळकुम ग्रामी देवीच्या पाराशी, जीर्ण पिंपळाच्या पूर्वेस अवघ्या तीन पावलांवर, भग्न जात्याच्या तळीखाली एक लवणकुंभ निद्रिस्त असून तोच त्या भोळ्या जनांचे न्यायासन होय. हे गुह्य मजपाशी उघड करणारा पुरुष असा, की ज्याच्या वाम कर्णाची पाळी त्याच्या शौर्याची दक्षिणा म्हणून खाडीस अर्पण झाली आहे.’

नाथाचे नाव कोठेही येऊ दिले नाही. वचन ते वचन.

मंडळींना वाचून दाखवले. चार वर्षांपूर्वी मीच त्यांना अक्षरे शिकवली, तेव्हापासून वाण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाहीत. म्हणाल्या, “छान आहे. पण तीन पावलं कशाला सांगायची?” मी म्हणालो, नेमकेपणाशिवाय वर्णनाला प्राण येत नाही. यावर त्या वांगी चिरू लागल्या.

चैत्र वद्य ७

छापून आले. देवळाशी दोघांनी अभिनंदन केले. एकाने पहिला परिच्छेद वाचला होता, दुसऱ्याने शीर्षक.

वैशाख शुद्ध १

आज मीठचौकीवरचे रावसाहेब टेंभीवर भेटले. या माणसाला मी आजवर नुसता कारकून समजत होतो. थांबून नमस्कार केला आणि म्हणाले, “शास्त्रीबुवा, आपल्या वर्णनाचं इंग्रजी भाषांतर परवा कचेरीत आलं होतं. इंग्रजीतसुद्धा गोडी जात नाही हो!”

म्हणजे त्र्यंबकरावांनी लिहिलेल्या त्या पक्क्या सरकारी वाचकाचेच हे काम! त्याने मला इंग्रजीत नेले! मी विनयाने मान खाली घातली.

रावसाहेब रसिक निघाले. एकेक उपमा आठवून विचारत होते. म्हणाले, “ती तीन पावलं मात्र नीट कळत नाहीत. मोठी की बेताची?” मी रस्त्यातच टाकून दाखवली. बेताची. कडेचा पानवाला हसत होता; हसू दे. पुष्कळ वर्षांनी कोणीतरी माझा मजकूर इतक्या बारकाईने वाचला. घरी आल्यावर मंडळींना सांगितले. त्यांच्या हातातले ताट खाली पडले. ताटे हल्ली निसरडी येतात.

वैशाख शुद्ध ३

अक्षय्य तृतीया. सावकाश लिहितो.

सकाळी नाथाच्या घरी आंबे घेऊन गेलो. पारापाशी बायका ओटी भरायला जमल्या होत्या. मी गावच्या वेशीत असतानाच चौकीचे वीस-पंचवीस शिपाई लाठ्या घेऊन शेताच्या बाजूने शिरले. पुढे जमादार काळुराम. त्याने कोणाला काही विचारले नाही. पिंपळाला पाठ लावली, तीन पावले चालला आणि जात्याच्या तळीवर लाथ मारली.

आधी बायकाच धावल्या. आवडाबाई घागरीवर आडवी पडली. तिला केसांना धरून ओढली. मग पुरुष आगरावरून फावडी घेऊन आले. एका शिपायाच्या खांद्यात फावडे इतके खोल गेले की ते काढायला दुसऱ्याला त्याच्या छातीवर पाय द्यावा लागला. लाठ्या सुरू झाल्या. म्हातारे, बायका, कोणी पाहिले नाही. गावच्या भिवा पाटलाचा पुतण्या आनंदा घागर उचलून पळाला. गेल्या महिन्यातच त्याचे लग्न झाले होते. पाराच्या पायरीशी त्याला चौघांनी गाठले. पहिल्या घावाला घागर फुटली. पुढचे घाव कशासाठी होते ते मला कळले नाही. मीठ पांढरे होते, मग गुलाबी झाले, मग त्याच्यावर लाठ्या घसरू लागल्या.

मी आंब्यांची करंडी छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा होतो. हे मी लिहून ठेवतो, कारण कोणी विचारले तर वेगळे सांगेन अशी मला भीती आहे.

शिपायांनी रक्तासकट मीठ गोणीत भरले. जाताना काळुराम ओरडला, “आमाला शिव्या कशाला देता? तुमच्याच कानतुट्यानं सांगितलं! त्याला विचारा!”

सगळा गाव एकदम वळला आणि नाथाकडे पाहू लागला.

वैशाख शुद्ध ४

आनंदा पहाटे गेला.

रात्रभर एकच विचार. जागा कोणी सांगितली? तीन पावले! अगदी बेताची! मी शाळेत न जाता त्र्यंबकरावांना पत्र लिहिले, ‘आपल्याच बांधवांचे गुह्य परक्यास विकणाऱ्या त्या नराधमास शोधून काढल्याविना ही लेखणी विसावणार नाही.’ मला माजिवड्याच्या कोणाचा तरी संशय येतो. उघाडीचे वैर आहेच.

मंडळींनी पत्र टपालात टाकायला नेले नाही. कोनाड्यात ठेवले आहे. विचारले तर म्हणाल्या, “उद्या टाकू.”

वैशाख शुद्ध ६

दुपारी आवडाबाई अंगणात येऊन उभी राहिली. कपाळ फुटलेले, एका बाजूचे केस मुळापासून उपटलेले. पाणी दिले, प्यायली नाही.

तिचे घर काल भर दुपारी जाळले. नाथाला गावाने धरला आहे. आनंदाच्या दहाव्यापर्यंत रोज उन्हे चढली की त्याला आगरातल्या आटत्या पाण्यात खुंट्याला बांधायचे आणि पाठीवर घरटी एक फटका मारायचा. जखमा खाऱ्या पाण्यात. कबूल झाला तर गावातून हाकलतील, नाही झाला तर दहाव्या दिवशी काय करतील ते ती बोलली नाही.

“तो काय म्हणतो?” मी विचारले.

“बोलतो, मना मूठ द्या. देवीचे मिठाची मूठ द्या, मी बोलतू. पन मीठ हाय कय? गोनीत भरून नेला सरकारनी. भिवा पाटील बोलतो, मिठाबिगर तुजा बोलना म्हंजे कुत्र्याचा भुकना.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिले. “शास्त्रीबाबा, तुमाना दावली होती घागर. तुमी कोनला बोल्लाव का?”

“देवाशपथ, आवडाबाई, एका जिवंत माणसाशी अक्षर बोललो नाही.”

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग गेली. पाण्याचा तांब्या तसाच.

मी ओट्यावर बसून होतो. मंडळी आतून आल्या. हातात छापील अंक होता. तो माझ्यासमोर ठेवला, आमचे पान वर करून.

“इकडून बोलणं झालं नाही,” त्या म्हणाल्या. “लिहिणं झालं.”

त्याच दिवशी, तिन्हीसांजेला

पाच वेळा वाचले. व्याकरणाची चूक एकही नाही.

वैशाख वद्य ९

हे डाव्या हाताने लिहितो. माझ्या वर्गातला अगदी मठ्ठ मुलगाही याहून बरे अक्षर काढील. एका ओळीला पाव घटका लागते. म्हणून फक्त झालेले लिहितो.

शुद्ध सप्तमीला सकाळी अंक आणि पुरचुंडी घेऊन निघालो. मंडळी वेशीपर्यंत आल्या. कोठे चाललो ते विचारले नाही. “जोडा घालून जाणं व्हावं, चिखल असेल,” एवढेच म्हणाल्या.

नाथा वाफ्यात गुडघाभर पाण्यात बांधलेला होता. पाठ म्हणून काही उरले नव्हते. जे होते त्यावर मीठ धरले होते आणि ते उन्हात चमकत होते. कान पुन्हा उघडा पडला होता. एक डोळा बंद. मला पाहून म्हणाला, “जा तुमी. जोडा रुतल.”

बांधावर गाव जमलेला. मी भिवा पाटलाला म्हणालो की जागा नाथाने सरकारला सांगितली नाही, मी सांगितली. एका बाईने माझ्या तोंडावर चिखल मारला. भिवा पाटील म्हणाला, “बामन दया दावतो. खोटा बोलतो याला सोरवायला.”

मी पुरचुंडी सोडली. देवीच्या घागरीतले मीठ, सगळ्या जगात उरलेले तेवढेच. बायकांनी पदर पुढे घेतले. एका म्हाताऱ्याने चिमूट जिभेवर ठेवली आणि मान हलवली. कशावरून ओळखले, मला ठाऊक नाही.

मी ती मूठ उजव्या हातात धरली. नाथाने सांगितले होते ते खरे आहे. मनात मी एक बचाव तयार करून आणला होता: की मला ठाऊक नव्हते, की हेतू शुद्ध होता, की भाषांतर करणारा तिसराच कोणी. मूठ धरल्यावर त्यातला एक शब्द बाहेर येईना. मी म्हणालो, “मी लिहिले. मला छान लिहायचे होते.”

“काय लिवलास? वाच,” भिवा पाटील म्हणाला.

मी वाचले. पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत. ऊन डोक्यावर होते. क्षीरसागर, दधिसागर, लवणकुंभ, भोळे जन. ‘पूर्वेस अवघ्या तीन पावलांवर’ हे वाक्य आले तेव्हा आनंदाची बायको बांधावर खाली बसली. ‘वाम कर्णाची पाळी’ आले तेव्हा नाथाने पाण्यातून विचारले, “ते काय?” मी म्हणालो, तुझा कान. तो म्हणाला, “आसं.”

त्याला सोडले. दोघांनी उचलून नेले. आवडाबाई माझ्या अंगावरून गेली, पाहिले नाही.

मग भिवा पाटील खाली उतरला. साठीचा मनुष्य, मूठभर देहाचा. पुतण्याला त्यानेच वाढवलेला. “कंच्या हातानी लिवलास?” त्याने विचारले.

डावा पुढे करायचा विचार माझ्या मनात आला. हेही लिहून ठेवतो. पण मीठ उजव्या मुठीत होते.

त्याने आधी ते मीठ माझ्या हातातून काढून आपल्या पागोट्याच्या टोकात बांधले. एक खडा खाली पडू दिला नाही. मग मला उघाडीपाशी नेऊन माझा पंजा तिच्या फळीवर ठेवायला लावला आणि फावड्याची पाठ घातली. पहिल्या घावाला दोन बोटे गेली. मी ओरडलो. दुसऱ्याला बाकीची. मी त्याच फळीला मिठी मारली होती. तिसरा घाव तो घालणार होता. फावडे वर गेले आणि तिथेच राहिले. तो म्हणाला, “आनंदाला सात मारले.” मग फावडे टाकून तो चिखलात बसला आणि लेकरासारखा रडला. मी त्याच्या शेजारी पडलो होतो. आमचे दोघांचे तोंड एकाच पाण्यात होते.

ज्येष्ठ शुद्ध १

फौजदार चौकशीस येऊन गेले. मी सांगितले, बांधावरून पडलो. ते म्हणाले, पाचही बोटांवर? मी म्हणालो, शास्त्री लोक पडतात तेव्हा सांगोपांग पडतात. मीठ हातात नसले की खोटे किती सहज बोलवते.

शाळेने राजीनामा मागितला नाही, मीच दिला. त्र्यंबकरावांचे पत्र आहे, ‘ठाण्याचे वर्णन वाचकांस अत्यंत आवडले. आता वसईचे येऊ द्यावे. असेच नेमके.’ मंडळींनी ते चुलीत घातले. भाकरी चांगली फुगली.

ज्येष्ठ शुद्ध ९

नाथा आला.

काठी टेकत आला, तीन वेळा वाटेत बसून. डोळा गेला आहे. मंडळींनी ओट्यावर पाट मांडला. तो पाटावर बसला नाही, जमिनीवर बसला. मग मीही जमिनीवर बसलो. दोघांनी एकमेकांचे नुकसान पाहून घेतले.

“तुमचा हात तं पार मेला,” तो म्हणाला.

“तुझा डोळा?”

“एक हाय. आवडी बोलते, तुना एकानी पन लय दिसतं.”

“आवडाबाई आली नाही?”

“ती यायची नाय. या जलमात नाय.” त्याने ते लपवले नाही, मीही मान हलवली.

मग त्याने येण्याचे कारण सांगितले. गावाने नवी घागर पुरली आहे. तळाला घालायला जुने मीठ लागते, नाहीतर घागर धरत नाही. जुने मीठ तेवढेच होते, भिवा पाटलाच्या पागोट्यात बांधलेले. आणि रीत अशी की ज्याच्या मुठीचे मीठ तळाला, त्याला घागरीची जागा ठाऊक असलीच पाहिजे. पंचायत तीन दिवस बसली. बायकांनी शिव्या दिल्या, एकाने फावडे उचलले, आनंदाच्या बायकोने तोंड फिरवले. पण रीत मोडेना. शेवटी भिवा पाटलानेच सांगितले, जा, सांगून ये त्याला.

मी म्हणालो, “नाथा, नको सांगू.”

“मना हौस नाय,” नाथा म्हणाला. “रीत हाय.”

मंडळी उठून आत गेल्या आणि आतून दार लावून घेतले. त्याने माझ्या कानाशी तोंड आणले आणि सांगितले. कुठे, कशाखाली, किती पावले. मग काठी घेतली आणि गेला.

जागा फार सुरेख आहे. वर्णन करण्याजोगी आहे.

दौतीला बूच लावले.